आधी पुंजका, मग नेम

मराठीत ‘नेम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. आजीचा पहाटे उठून तुळशीला पाणी घालण्याचा नेम असतो, बंदूक धरणाऱ्याचा नेम असतो, आणि आमच्या बेळगावच्या पावसाचा मात्र काही नेम नसतो. नियम, लक्ष्य आणि खात्री ह्या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच दोन अक्षरी शब्दात बसवल्या. ‘शिस्त’ ह्या शब्दाचीही तीच कथा. शाळेत आम्हांला शिस्त म्हणजे रांगेत गप्प उभे राहणे एवढाच अर्थ माहीत होता. पुढे एन.सी.सी.त गेल्यावर फायरिंग रेंजवर हवालदार उस्तादांनी ‘शिस्त लो’ असा हुकूम दिला, तेव्हा पालथ्या पडलेल्या आम्ही मराठी मुली जागच्या जागी आणखी ताठ झालो! फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा लष्करी हिंदीतला अर्थ ‘नेम धरणे’ असा आहे हे नंतर कळले. शेजारच्या चटईवरची कन्नड मैत्रीण हळूच म्हणाली, ‘गुरी, गुरी!’ कन्नडमध्ये गुरी म्हणजे नेम, आणि गुरी म्हणजे आयुष्यातले ध्येयसुद्धा.

पण नेम कसा धरावा हा ह्या लेखाचा विषय नाही. त्याआधीचे एक काम असते, त्याविषयी मला लिहायचे आहे. नेम धरणाऱ्याने नेम शिकावा लागतो, तसा बंदुकीलाही तो शिकवावा लागतो. नव्या रायफलीवर दुर्बीण बसवली म्हणजे ती लगेच खरे बोलू लागते असे नाही. दुर्बिणीतल्या फुलीवर लक्ष्य अगदी बरोबर दिसत असते आणि गोळी मात्र भलतीकडे जाते. दिसते ती जागा आणि लागते ती जागा एक करण्याच्या ह्या कामाला फौजेत ‘झिरोइंग’ म्हणतात. शिकारीचा मोसम सुरू होण्यापूर्वी परदेशातले शिकारी हेच काम करतात. अमेरिकेत हरणांचा मोसम जवळ आला की अनेक शूटिंग क्लब खास ह्या कामासाठी आपली मैदाने लोकांना खुली करून देतात.

हे सारे मला सांगितले आमच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांनी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्याकडे दर दोन गल्ल्यांमागे एक निवृत्त सुभेदार भेटतो. आमचे काका नोकरीत असताना नेमबाजीच्या चमूत होते. आता त्यांच्याकडे एक छऱ्यांची एअर रायफल आहे आणि तिच्यावर एक दुर्बीण. परसात वीस मीटरांवर वाळूची पोती रचलेली, त्यांवर जाड फळी, फळीवर कागद. मागे उंच भिंत. कोणी मध्ये येऊ नये म्हणून परसाचे दार आतून बंद. एवढी व्यवस्था झाल्याखेरीज काका छऱ्यांच्या डबीला हातही लावत नाहीत.

दिसते तिथे गोळी का लागत नाही, हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारला. काकांनी कागदावर दोन रेघा काढल्या. एक सरळ, ती आपल्या नजरेची. दुसरी वाकलेली, ती गोळीची. नजर सरळ जाते, गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून पृथ्वी तिला खाली ओढू लागते. मी घरी येऊन हिशेब केला. शिकारी रायफलीची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते असे धरू. १०० मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागेल, आणि तेवढ्या वेळात ती सुमारे आठ सेंटिमीटर खाली येईल. अंतर दुप्पट केले तर ही घसरण चौपटीहूनही जास्त होईल, कारण वाटेत वेगही कमी होत जातो. त्यात दुर्बीण नळीच्या वर चार-एक सेंटिमीटर बसवलेली असते. म्हणजे नजर निघते एका जागेहून आणि गोळी दुसऱ्या. म्हणून नळी नजरेच्या मानाने अगदी किंचित वर रोखलेली असावी लागते. गोळी खालून येऊन नजरेची रेघ एकदा ओलांडते, थोडी वरून जाते आणि पुढे दूरवर पुन्हा त्याच रेघेवर उतरते. ही दुसरी भेट कोणत्या अंतरावर व्हावी ते ठरवणे, म्हणजेच बंदूक साधणे.

हे ठरवण्यासाठी दुर्बिणीवर दोन छोटे स्क्रू असतात. एक वर-खालचा, एक डावी-उजवीकडचा. फिरवला की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. त्याला क्लिक म्हणतात. भूमितीत आपण एका अंशाचे साठ भाग करून त्यांना मिनिटे म्हणतो. शंभर यार्डांवर ह्या एका मिनिटाची रुंदी एका इंचाहून किंचित जास्त भरते. बहुतेक शिकारी दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. म्हणजे शंभर यार्डांवर चार क्लिकांत गोळी इंचभर सरकते. पण पंचवीस यार्डांवर तेवढीच सरकवायला सोळा क्लिक लागतात. त्रैराशिकाचेच काम. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला बंदुकीत गोडी वाटावी अशी ही जागा आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

काकांची पद्धत ठरलेली आहे. आधी दुर्बीण पकडणाऱ्या कड्यांचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहायचे. काकांच्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एअर रायफलीत हे विशेषच महत्त्वाचे, कारण तिच्यातल्या स्प्रिंगमुळे ती आधी मागे आणि लगेच पुढे असे दोन हिसके देते आणि सैल कडी हळूहळू सरकत जाते. शिकारी रायफल असेल तर बोल्ट बाहेर काढून रिकाम्या नळीतून थेट कागदाकडे पाहायचे, रायफल न हलवता मग दुर्बिणीची फुली त्याच जागेवर आणायची. एवढ्याने पहिली गोळी निदान कागदावर तरी पडते. सुरुवात पंचवीस यार्डांवर करायची आणि तिथे जमल्यावर कागद शंभरावर न्यायचा. रायफल हातावर तोलायची नाही, पोत्यावर टेकवायची. म्हणजे परीक्षा बंदुकीची होते, आपल्या दंडांची नाही. आणि गोळ्या एकाच जातीच्या, शक्य तर एकाच पेटीतल्या. काडतूस बदलले की गोळीचे वजन आणि वेग बदलतो, आणि मग सगळा हिशेब पहिल्यापासून.

त्यानंतरचा नियम काका मोठ्याने सांगतात. ‘पाच गोळ्या एका जागेवर नेम धरून मारायच्या. पहिली कुठं लागली ते बघून दुसरीचा नेम बदलायचा न्हाई. आणि पाच हुईपर्यंत स्क्रूला हात लावायचा न्हाई.’

वाटतो त्यापेक्षा हा नियम पाळायला फार अवघड आहे. पहिला छर्रा काळ्या ठिपक्याच्या खाली लागलेला दुर्बिणीतून स्वच्छ दिसत असतो. धाकटा भाऊ माझ्याबरोबर आला होता. त्याचा हात लगेच स्क्रूकडे गेला. काकांनी तो तिथल्या तिथे धरला. ‘एका गोळीनं काय कळतं? ती तुझ्या हातानं हलली असंल, श्वासानं हलली असंल. तिच्यावरनं स्क्रू फिरवलास तर दुसरी वरनं जाईल, मग तू उलटा फिरवशील. डबी संपंल आणि बंदूक होती तिथंच राहील.’

पाच छरे मारून झाले की कागद उतरवायचा. पाच भोके एकमेकांजवळ पडलेली असली तर त्या पुंजक्याचा मध्य काढायचा आणि तो ठिपक्यापासून किती लांब आहे ते पट्टीने मोजायचे. आमचा पुंजका २८ मिलिमीटर खाली आणि १४ मिलिमीटर उजवीकडे पडला होता. वीस मीटरांवर एक क्लिक म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर. म्हणून २० क्लिक वर, १० क्लिक डावीकडे. पुढचे पाच छरे ठिपक्यावर पडले. भावाने टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, ‘अजून झालं न्हाई.’ त्यांनी स्क्रू वीस क्लिक वर फिरवला, मग वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर छर्रा मारत गेले. कागदावर चौकोन उमटला आणि शेवटचा छर्रा निघाला तिथेच परत आला. दुर्बीण प्रामाणिक आहे की नाही ते असे तपासायचे. स्क्रू फिरतो पण आतली फुली फिरत नाही, अशाही दुर्बिणी बाजारात असतात म्हणे.

पण पाच भोके कागदभर विखुरलेली असली तर? तर स्क्रूला हात लावायचाच नाही. कारण मध्य काढला तरी त्या मध्यावर एकही गोळी पडलेली नसते. मग दोष वेगळीकडे शोधायचा. कडी सैल आहे, छरे वेगवेगळ्या जातींचे आहेत, दर वेळी गाल दस्त्यावर वेगळ्या जागी टेकतो आहे, चाप दाबण्याऐवजी ओढला जातो आहे. आधी पुंजका, मग नेम. हा क्रम उलटा करता येत नाही.

आमच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात सरासरी आणि प्रमाण विचलन असे दोन धडे लागोपाठ आहेत. ते दोन वेगळे धडे का, हे मला काकांच्या परसात समजले. पुंजका ठिपक्यापासून किती लांब हे सरासरी सांगते. पुंजका किती पसरला आहे हे विचलन सांगते. पहिली चूक स्क्रूने दुरुस्त होते, दुसरी होत नाही. हिशेबनीसही हे जाणतात. तेरीज जुळली नाही आणि तफावतीला ९ ने निःशेष भाग गेला, तर जुने मुनीम आधी अंकांची अदलाबदल शोधतात. ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असेल. निश्चित दिशेने होणारी चूक आपला माग ठेवून जाते. माग ठेवणारी चूक सापडते आणि सुधारते. त्रास देतात त्या दर वेळी नव्या दिशेला जाणाऱ्या चुका.

कोणी म्हणेल, छऱ्यांच्या बंदुकीसाठी एवढा खटाटोप कशाला? कागदाला काय, चार बोटे खाली लागले काय नि वर लागले काय! कागदाचे ठीक आहे. ज्या कामासाठी ह्या दुर्बिणी घडल्या त्या कामात असे म्हणून चालत नाही. हरणाच्या छातीत हृदय आणि फुफ्फुसे असलेला भाग साधारण आठ-दहा इंचांच्या थाळीएवढा असतो. दुर्बीण दहा मिनिटांनी चुकीची असेल, म्हणजे एका अंशाच्या अवघ्या सहाव्या भागाने, तर पंचवीस यार्डांवर ती चूक अडीच इंचांची दिसते आणि कोणी मनावर घेत नाही. शंभर यार्डांवर तीच चूक दहा इंचांची होते. छातीवर धरलेला नेम पोटात किंवा पायात लागतो. जनावर पडत नाही. ते जखम घेऊन रानात निघून जाते.

ते पुढे कुठे जाते, ह्याचे उत्तर जिम कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. १९०७ साली त्याने कुमाऊँमध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे तिच्या नावावर मांडली जातात. मेल्यावर तिचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ ह्या १९४४ च्या पुस्तकात कॉर्बेट सांगतो की ती बंदुकीच्या गोळीची जुनी जखम होती, आणि तिच्यामुळेच नेहमीची शिकार करणे त्या वाघिणीला अशक्य झाले होते. ती गोळी कोणी मारली हे कोणाला ठाऊक नाही. त्या माणसाने घरी जाऊन ‘जरा हुकली’ असे सांगितले असेल. त्याची जरा हुकलेली गोळी चारशेवर घरांत जाऊन पोहोचली.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी त्या कायद्यात परवानगीची वाट आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी हुकुमातून जाते. आमच्या भागाने हा बदल जवळून पाहिला आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. तेच आजचे राधानगरी अभयारण्य. आणि योगायोग पाहा, त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदकाचा मानकरी ठरला. एके काळी राजेरजवाडे जिथे बंदूक घेऊन जात, त्याच मातीतल्या मुलाने एकाही जिवाला न दुखावता बंदुकीचे नाव केले.

त्याच्या खेळात दुर्बीण चालत नाही. रायफलीवर छिद्राची साधी दृष्टिपट्टी असते. पन्नास मीटरांवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. पण मला त्या खेळातला एक नियम सगळ्यांत जास्त आवडला. खरी स्पर्धा सुरू होण्यापूर्वी नेमबाजाला ठरावीक वेळ मिळतो. त्या वेळात तो हव्या तेवढ्या गोळ्या झाडून त्या दिवसाचा वारा, उजेड आणि आपली रायफल जुळवून घेतो. ह्या गोळ्यांचे गुण धरत नाहीत. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजालाही ही सवलत आहे, कारण काल साधलेली बंदूक आज साधलेली असेलच असे कोणी गृहीत धरत नाही.

ही सवलत आपल्याला कधी मिळाली का, असा विचार माझ्या मनात आला आणि मला आमचा बी.कॉम.चा पहिला वर्ग आठवला. आम्ही काही जणी मराठी माध्यमातून आलेल्या, काही कन्नड माध्यमातून. बारावीपर्यंत कशीबशी सांभाळलेली इंग्रजी इथे एकदम अंगावर आली. खानापूर तालुक्यातून रोज एस.टी.ने येणारी माझी एक मैत्रीण आहे. पहिल्या चाचणीत तिला हिशेबाच्या विषयात पंचवीसपैकी नऊ गुण पडले. तिने त्याच दिवशी ठरवले की कॉमर्स आपल्याला जमणार नाही. घरी तर वाटच पाहत होते. शिवणाच्या क्लासची चौकशी झाली, पाठोपाठ एका स्थळाचीही झाली. पहिली गोळी खाली लागली आणि सगळे घर स्क्रू फिरवायला धावले. तेही असा स्क्रू की जो एकदा फिरला म्हणजे उलटा फिरत नाही.

आम्ही तिघीचौघींनी तिला सत्र संपेपर्यंत थांबवले, एवढेच आमचे कर्तृत्व. सत्राअखेरीस तिच्या पाच विषयांच्या चाचण्यांचे पेपर एका बाकावर मांडले आणि गुणांपेक्षा ते कुठे गेले हे पाहिले. उदाहरणे जवळजवळ सगळी बरोबर. आकडेमोड स्वच्छ, ताळेबंद जुळलेला. गुण गेले होते ते व्याख्यांत, टिपांत, ‘कारणे लिहा’ मध्ये. पाचही पेपरांत तेच. भोके अगदी एकमेकांना चिकटून पडली होती. फक्त ठिपक्याच्या खाली. तिची बुद्धी विखुरलेली नव्हती. ती मराठीत बरोबर विचार करीत होती आणि तो इंग्रजीत उतरवताना दर वेळी सारख्याच अंतराने खाली येत होती.

असा पुंजका हाती लागल्यावर पुढचे काम सोपे नव्हते, पण काय करायचे ते कळले होते. एक शंभर पानी वही केली. पानावर तीन रकाने : इंग्रजी, मराठी, कन्नड. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, कन्नडमध्ये सवकळि. जर्नल म्हणजे रोजकीर्द, लेजर म्हणजे खतावणी, ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. बॅलन्स शीटला कन्नडमध्ये ‘अढावे पत्रिके’ म्हणतात हे कन्नड मैत्रिणीने सांगितले, आणि आपला ‘आढावा’ तिथे भेटल्यामुळे आम्हांला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. रोज पाच शब्द, आणि प्रत्येक शब्दावर एक इंग्रजी वाक्य. एक शब्द म्हणजे एक क्लिक. एका क्लिकने काही दिसत नाही हे आम्हांला हळूहळू पटले. दुसऱ्या सत्रात ती सगळ्या विषयांत उत्तीर्ण झाली. एकाही विषयात पहिला वर्ग नव्हता. पण पेपर पुन्हा मांडले तेव्हा पुंजका वर सरकलेला स्पष्ट दिसत होता. आज ती आमच्याच वर्गात आहे. स्थळाची गोष्ट घरच्यांनी पदवी होईपर्यंत पुढे ढकलली आहे. पुढचे मला माहीत नाही. पण निदान निर्णय एका गोळीवर झाला नाही.

सगळ्यांचीच गोष्ट अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्गातल्या आणखी एकाचे पेपर आम्ही तसेच मांडले. एका विषयात अठरा, दुसऱ्यात चार. कुठे उदाहरण चुकलेले, कुठे प्रश्नच सोडलेला. तो सकाळी एका दुकानात काम करून येतो, कधी येतो, कधी येत नाही. त्याला शब्दांच्या वहीचा काय उपयोग? त्याला आधी बसायला स्थिर जागा हवी होती, पोत्यावर टेकवलेली. ती देणे आमच्या हातात नव्हते. विखुरलेल्या गोळ्यांना स्क्रू नसतो, आणि तशा मुलाला ‘आणखी अभ्यास कर’ म्हणणे म्हणजे सैल कडीवर वीस क्लिक फिरवणे आहे.

काकांच्या शिकवणीतला शेवटचा भाग मी मुद्दाम राखून ठेवला होता. एकदा साधलेली बंदूक कायमची साधलेली नसते. प्रवासात खडखडली, हातातून पडली, काडतुसाची जात बदलली, तर पुन्हा तपासायची. गार नळीची पहिली गोळी आणि तापलेल्या नळीची पाचवी गोळी एकाच जागी पडेल असेही नाही. म्हणून जाणते शिकारी नळी गार होऊ देतात आणि गार नळीची गोळी कुठे पडते तिकडे जास्त लक्ष देतात, कारण रानात तीच पहिली आणि बहुधा शेवटची असते. काका प्रत्येक कागदावर तारीख, अंतर, छऱ्याची जात आणि फिरवलेले क्लिक लिहून ठेवतात. त्यांच्या कपाटात अशा कागदांची एक फाईल आहे. त्यातले चांगले कागद कोणते, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘चांगलं वाईट काय नसतं बघ. जपून ठिवलेलं आणि टाकून दिलेलं, येवढंच.’

आमच्या प्राध्यापकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. चाचणीचे गुण फलकावर लागतात, पण तपासलेला पेपर आमच्या हाती राहत नाही. गोळी लागली की हुकली एवढेच आम्हांला कळते. कुठे लागली ते कळत नाही. भोके दिसल्याशिवाय पुंजका कसा शोधायचा? पहिल्या वर्षाच्या मुलांना, आणि विशेषतः मराठी-कन्नड माध्यमातून आलेल्यांना, पेपर परत मिळावेत. ते घरी नेऊन एकावर एक ठेवता यावेत. निदान पहिली चाचणी तरी वारा-उजेड जुळवून घेण्याच्या गोळ्यांसारखी धरावी, जिचे गुण मोजायचे नाहीत.

तोवर आमची तीन रकान्यांची वही वाचनालयात ठेवली आहे. दोनशेच्या वर शब्द झाले आहेत. तिसऱ्या रकान्यात पुष्कळ जागा अजून कोऱ्या आहेत. कन्नड विभागाच्या वाचकांनी त्या भराव्यात.